ज्वारीच्या डब्यातली रेघ

लोहाऱ्यात घराच्या पुढच्या खोलीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. भिजलेल्या वस्तू लोक तांदळात ठेवतात, आम्ही ज्वारीत. शेतं मोजणाऱ्या राघवेंद्र सरांचं जीपीएस मी तसंच डब्यात ठेवलं. माकणीच्या धरणात ते होडीतून पडलं होतं. हातात घेऊन चाललं की चाललेली वाट त्याच्या पडद्यावर रेघेनं उमटते.

"वॉटरप्रूफ म्हणून घेतलं हो नंदीश," सर कुरकुरले होते.

तिसऱ्या दुपारी डबा उघडला. ज्वारीला मोड आले होते, यंत्र मात्र आतून कोरडं ठणठणीत. सुरू केलं, तर धरणाच्या मधोमध एक रेघ फिरलेली. वेळ कालची. काल यंत्र डब्यात होतं.

मी अव्वाला, माझ्या आईला, दाखवलं. तिचं माहेर त्याच धरणात गेलंय. तिनं रेघेवरून बोट फिरवलं.

"ही आमची गल्ली. हितं आड. हा आमचा उंबरा. हितं लई घुटमळलंय बघ."

"पाण्यानं बिघडलंय गं ते."

रेघ आज पहाटे पाण्याबाहेर निघाली होती. माकणीवरून तिनं लोहाऱ्याचा रस्ता धरला होता. आता, आमच्या डोळ्यांदेखत, ती आमच्या गल्लीत वळली. यंत्र माझ्या हातात होतं, मी जागचा हललो नव्हतो.

माहेरचं माणूस आलं की अव्वा आधी पाय धुवायला पाणी देते. तिनं तांब्या भरला, दारापर्यंत गेली, उंबऱ्याकडं बघत थांबली. मग भरला तांब्या घेऊन माघारी आली.

"पाणी नगं," ती हळूच म्हणाली. "पाय ओलेच हायेत."