सूचकाचे नाव

विषय क्रमांक बारा पडद्यावर आला आणि कोपऱ्यातलं दहा मिनिटांचं घड्याळ उलटं मोजू लागलं. वसुंधराबाईंनी विषय नेहमीच्याच आवाजात वाचला. "संगणक प्रणाली सुरू झाल्यामुळे सभा लिपिक हे पद रद्द करणे व सदर पदावरील कर्मचाऱ्यास सेवामुक्त करणे."

सभा लिपिक त्याच होत्या. प्रणालीही त्याच चालवत होत्या.

प्राधिकरणाच्या पनवेल कार्यालयातली ही समिती वर्षातून एकदाच बसे. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. बाईंची नऊ वर्षं चार महिने झाली होती. दहा मिनिटांत ठराव झाला नाही तर प्रणाली तो पुढच्या वर्षीच्या सभेत ढकलत असे.

"कोणाचा विरोध?" अध्यक्ष कमलाकर भोईरांनी विचारलं. कोणाचाच नव्हता. "मग मंजूर. करा सेव्ह."

बाईंनी बटण दाबलं. पडद्यावर लाल चौकोन उमटला. 'सूचकाचे नाव भरा.'

"हे काय आता?"

"ठराव कोणी मांडला त्यांचं नाव, साहेब. त्याशिवाय पुढे जात नाही."

ही अट बाईंनीच घालून घेतली होती. पूर्वी सभासद ठराव मांडत, आणि लोक जाब विचारायला दारात आले की 'आम्ही नाही' म्हणून हात वर करत. मग बोलणी खायला इतिवृत्त लिहिणारी.

"अमजदभाई, तुमचं टाकतो," अध्यक्ष म्हणाले.

"नको हां साहेब, खुदा के वास्ते." अमजद मुकादमांनी कानाला हात लावला. "आमच्या मुबीनाला दहावीचं गणित बाईंनी शिकवलंय. घरी काय तोंड दाखवू? शशिकलाताईंचं टाका."

"माझं? माझ्या पोरीच्या लग्नात पंगतीला वाढलंय हो हिनं." शशिकलाताईंनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "अध्यक्षांनीच मांडावा की."

"अध्यक्षाला ठराव मांडता येत नाही. नियम आहे. काय बाई?"

"बरोबर, साहेब. नियम बावीस."

टेबलाभोवती नऊ जण होते. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत होता, बाईंकडे कोणीच बघत नव्हतं. घड्याळात चार मिनिटं उरली. मग तीन. बाईंनी हात मांडीवर ठेवले आणि आकड्यांकडे पाहत बसल्या.

"दादूशेठचं टाकलं तर?" शशिकलाताई म्हणाल्या.

दादूशेठ गव्हाणचे, समितीचे सर्वांत जुने सभासद. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून अंथरुणावर होते. वाचा गेली होती.

"ते विचारायला येणार नाहीत," कोणीतरी म्हणालं.

"पण बाईंना कायम करायचा ठराव त्यांनीच मांडला होता ना?" अध्यक्षांना आठवलं. "केवढं टेबल बडवलं होतं!"

"मग तर झकासच," अमजदभाई म्हणाले. "आणलं त्यांनी, सोडवतील पण तेच."

हसू फुटलं. कोंडी फुटल्यासारखे सगळे खुर्च्यांत मागे टेकले.

"ते गैरहजर आहेत, साहेब," बाई म्हणाल्या. "गैरहजर सभासदाचं नाव यादीत दिसत नाही."

"हजेरी बदलता येते का पण?"

अध्यक्षांना त्यातलं काही कळत नव्हतं. अजून एक मिनिट पन्नास सेकंद होते. बाई 'नाही' म्हणाल्या असत्या तर कोणी तपासलं नसतं. नऊ वर्षं चार महिन्यांत या खोलीत त्यांनी एकही चुकीचं उत्तर दिलं नव्हतं.

"येते, साहेब," त्या म्हणाल्या.

"मग बदला की! बसून काय राहिलात?"

बाईंनी दादूशेठना हजर केलं. मग सूचक केलं. खाली दुसरा चौकोन उघडला. अनुमोदक.

आता चार हात वर झाले. दादूशेठसारख्या माणसाने मांडल्यावर पाठिंबा द्यायला काय हरकत, असं अमजदभाई म्हणालेसुद्धा. शशिकलाताईंचा हात आधी वर गेला होता, म्हणून त्यांचं नाव पडलं. ठराव जतन झाला तेव्हा घड्याळात अकरा सेकंद होते.

"अय्या, लगेच मेसेज!" शशिकलाताईंनी पर्समधून फोन काढला. "इंग्रजीत आहे. सूचक आणि अनुमोदकाला जातो वाटतं."

"हो," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी चहा सांगितला. कप फिरू लागले तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. गव्हाणहून गंगाबाई, दादूशेठची बायको.

"वसूबाय, यांच्या फोनवर कायतरी आलंय गो. मना तर वाचता येत नाय. तुमच्याच हाफिसाचा असंल ना?"

"हो काकू. इथूनच आलाय."

"काय म्हनतान?"

बाईंनी समोर पाहिलं. पडद्यावर ठराव तसाच उघडा होता.

"आज सभा होती. काकांच्या नावाने एक ठराव झाला."

"यांच्या नावानं? आनि मंजूर झाला?"

"एकमताने."

"आगो बाय! आमी समजलो, सगली इसरली यांना. थांब, सांगते हां."

फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. लांबून गंगाबाई मोठ्याने, एकेक शब्द तोडून सांगत होत्या. बाई फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. शशिकलाताईंनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

"वसूबाय!" गंगाबाई परत फोनवर आल्या, धापा टाकत. "हसले गो! वरसात पयल्यांदा. अर्ध्याच तोंडानं, पन हसले!"