डोंगरातलं पीठ

“पीठच उडालं वो साहेब! पांढरंफेक!” हंबीररावांनी ठासून सांगितलं आणि चांदसाहेबांचा जीव भांड्यात पडला. हे पाचवे साक्षीदार.

चांदसाहेब सांगलीच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे. कोयनेच्या भूकंपाला सहा वर्षं झाली होती आणि त्यावर त्यांचा शोधनिबंध चालला होता. भूकंपाच्या आदल्या सांजेला डोंगरातून पीठ उडालं, असं पाच गावांतली पाच माणसं सांगत होती. म्हणजे जमिनीनं आधीच खूण दिली होती! आठवड्यावर साताऱ्याची परिषद आली होती. ही एक गोष्ट पक्की झाली की चांदसाहेबांचं नाव होणार होतं. बरं, गडी काही भोळा नव्हता. हे पाच जण एकमेकांचे सोयरे नाहीत, शेजारी नाहीत, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं होतं. एक प्रश्न तेवढा राहिला होता. तो त्यांनी उठता उठता सहज विचारला.

“तुम्ही स्वतः पाहिलंत ना?”

“मी कवा बघतोय? छावणीत ऐकलं. घरं पडल्यावर समदी गावं तिथंच हुती की. वरल्या वाडीच्या साळूबाईनं बघितलेलं.”

म्हणजे साक्षीदार पाच नव्हतेच, एकच होता. पण ती बाई पक्की निघाली, तर निबंध अजूनही तरला असता. ते तसेच वरच्या वाडीला चढले.

मोकळ्या कपाळाची साळूबाई अंगणात शेणी थापत होती. तिची नणंद हरणाबाई उंबऱ्यात बसली होती.

“पीठ पाहिलंत तुम्ही?”

“व्हय. लय उडालं,” साळूबाई म्हणाली.

“पांढरं होतं?”

“पांढरं कुठलं? मातीच्याच रंगाचं. गुरं चालली की मागनं उठतं न्हवं का, त्ये.”

“म्हणजे धूळ?”

साळूबाईनं तोंडाला पदर लावला. हरणाबाईला हसू फुटलं.

“तिला न्हाई म्हणता यायचं, साहेब. तिच्या मालकाचं, म्हंजी माझ्या दादाचं नाव धुळा. ती पीठच म्हणती.”

पाच गावं पीठ पीठ करत होती आणि एवढे शिकलेले चांदसाहेब त्या पिठाचा खडक शोधत होते! त्यांना स्वतःचंच हसू आलं आणि वाईटही वाटलं. निबंधाचा जीवच गेला होता. तरी आशा सुटेना.

“पण नेमकं त्याच सांजेला कसं उडालं?”

“त्याच सांजंला कुठलं? मालक गुरं घिऊन परतलं की रोजच उडायचं,” साळूबाई म्हणाली. “त्या सांजंला उडालं, त्ये शेवटचं.”