जुम्म्याची पाखरं

"तू पुढं चल," मकसूद म्हणाला. "वाट अरुंद हाय."

मुनिरा पुढे झाली. त्याने मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि झाडी संपेपर्यंत काढला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, उघड्यावर असा हात त्याने कधी ठेवला नव्हता. मनात पाप असलं की नवरा असाच लाडात येतो, तिला वाटलं.

मकसूद रेवदंड्याच्या एका गलबतावर तांडेल होता. आगबोटी सुरू झाल्यापासून कितीतरी गलबतं खाडीत कुजत पडली होती. पण अंधारातही खडक चुकवून गलबत आत आणणारा म्हणून त्याचं नाव होतं, त्यामुळे त्याला काम होतं. यंदा थंडी सरली आणि त्याला पाखरांचं वेड लागलं. दर जुम्म्याला नमाज आटोपली की कुण्या गोऱ्या कप्तानाने दिलेली दुर्बीण गळ्यात अडकवायची आणि डोंगरापायथ्याच्या तळ्याची वाट धरायची. परतायचा तेव्हा त्याच्या अंगाला कसल्याशा पाल्याचा वास असायचा.

शेजारच्या गुलबानूने परवा विहिरीवर तिच्या कानाशी लागून सांगितलं होतं, "तळ्यावर बायजा म्हणून कातकरीण राहते. जवान हाय. तुझा नवरा तिच्या झोपडीत जातो. माझ्या भावानं बघितलंय."

मुनिराने भांडण काढलं नाही. सकाळी इतकंच म्हणाली, "मलाबी दाखवा तुमची पाखरं."

त्याने दुर्बीण गळ्यात अडकवली. "चल."

गुलबानू बोलली नसती तरी तिला संशय होताच. हल्ली तो तिच्या नजरेला नजर देत नसे. बोलायचा तिच्याशी, बघायचा तिच्या कानामागे कुठेतरी. आज ती मुद्दाम नवी हिरवी ओढणी घेऊन निघाली होती. त्याने चकार शब्द काढला नाही.

झाडीत टुक टुक सुरू झालं. "तांबट," मकसूद म्हणाला. पुढे करवंदीच्या जाळीतून घुमल्यासारखा आवाज आला. "भारद्वाज. आता खाली उतरंल." आणि खरंच तांबूस पंखांचा तो पक्षी जाळीतून खाली उतरला. मुनिरा चरकली. बाईच्या पायी येणाऱ्या माणसाला इतकं कसं ठाऊक?

तळ्याच्या कडेला एक पांढरं पाखरू एका पायावर उभं होतं. अगदी समोर.

"ते कोणतं?" तिने विचारलं.

"असंल बगळा," तो म्हणाला. "बगळ्यात काय बघायचं?"

पलीकडे झाडांमध्ये एका झोपडीतून धूर निघत होता.

"तिथं कोण राहतं?"

"हाय एक कातकरीण." त्याने दुर्बिणीचा पट्टा सारखा केला. "पाणी देते प्यायला."

"नुसतं पाणी?"

उद्या मकसूद गलबत घेऊन मुंबईला निघणार होता. तिचा भाऊ मोहम्मद बायकापोरांसकट त्याच गलबतावर जायचा होता. आज काय तो निकाल लावायचा, मग खुशाल जाऊ दे, असं ती घरातूनच ठरवून आली होती.

तेवढ्यात तळ्यातली बदकं एकदम उठली. पंखांच्या फडफडाटाने आणि ओरडण्याने सगळं रान भरून गेलं. त्या गलक्यात झाडांमागून एक बाई ओल्या मातीवर अनवाणी चालत आली. तांबडंभडक लुगडं, हातात पाल्याच्या रसाचा द्रोण आणि कापसाचा बोळा. मुनिराला पाहताच ती जागीच थबकली. हाताच्या अंतरावर नव्हती, पण तिच्या कपाळावरच्या गोंदणाचे ठिपके मोजता आले असते.

मुनिराने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. चोरी उघडी पडल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते तिला पाहायचं होतं. तो शांत उभा होता. बदकांचा आवाज दूर जाईपर्यंत त्याने मान वर करून ऐकलं.

"समोर काय हाय?" तिने विचारलं.

मकसूदने दुर्बीण डोळ्यांना लावली, सावकाश फिरवत आणली आणि नेमकी त्या बाईवर धरली. बायजा हलली नाही; तिच्या आजूबाजूला नुसती हिरवी झाडी होती. बराच वेळ तो तसाच पाहत राहिला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"पांगारा," तो म्हणाला. "काय लाल फुललाय बघ. गेल्या जुम्म्याला एक कळीसुद्धा नव्हती."