कपाटाची किल्ली

तेजस्विनी पगारे नाशिकच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवायची आणि दर वर्षी कायम नेमणूक मागायची. पाणीवाटपातल्या विषमतेवरचं तिचं पुस्तक एमएला लागलं, पण कायम जागेवर संस्थाचालकांचा पुतण्या सुयश आला. पहिल्याच दिवशी त्याला स्टाफरूममधलं कपाट मिळालं. तिची जड पिशवी बघून तो म्हणाला, "मॅडम, पुस्तकं माझ्या कपाटात ठेवा ना." खांदा दुखत होता, तिनं ठेवली. सोमवारी तासाची घंटा झाली तेव्हा कपाटाला कुलूप होतं आणि सुयश प्राचार्यांच्या केबिनमध्ये. शिपायानं दारात अडवलं. "आत पर्मनंट स्टाफची मीटिंग आहे, मॅडम. तुम्ही थांबा." दार ढकलून ती आत गेली. सगळ्यांसमोर तिनं सुयशपुढे हात केला. "किल्ली." तो हसत खिसा चाचपू लागला. "अहो मॅडम, नुसती मागायची ना." "बारा वर्षं मागतेय," ती म्हणाली.