खिळ्यांचा दरवाजा

"हत्तीनं धडक दिली की हे खिळे थेट त्याच्या मस्तकात घुसायचे," मी म्हणालो. माझे स्थळ पाहायला आलेली मुलगी आणि तिचे वडील यांना मी शहरातला किल्ला दाखवत होतो. एरवी अबोल असलेला मी दरवाजापाशी बोलता झालो, कारण ती ऐकत होती आणि माझा होकार मनात ठरला होता.

"मग शत्रूनं हात टेकले?" वडिलांनी विचारले.

"छे! मध्ये उंट उभा करायचे. खिळे उंटात रुतायचे, बरगड्या मोडायच्या, उंबरठा रक्तानं निसरडा व्हायचा, आणि त्या तडफडत्या देहावर हत्ती पुन्हा पुन्हा धडका द्यायचा."

"पण उंट पुढे यायचाच कसा?" तिने विचारले.

"ज्यानं लहानाचा मोठा केला, तोच वेसण धरून आणायचा. परक्यासोबत तो आलाच नसता."

ती वडिलांकडे वळली. "बाबा, मी घरीच नाही म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, माझ्यासाठी चल. म्हणून आले."

वडिलांचा हात उगारला गेला. मी मध्ये शिरलो. थप्पड माझ्या कानशिलावर बसली.

"काका," मी म्हणालो, "घरी सांगा, मुलानं नकार दिला."