निवलेला भात

फिलिपिन्समधल्या लुझोन बेटाच्या डोंगरातला सराव संपला होता. केळीच्या पानांवर वाफाळता भात, सुके मासे, खारवलेली अंडी. आमच्या फौजेत या पंगतीला हुद्दा नसतो. सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि हुकूम झाला की एकदम हात घालतात. आज हुकूम द्यायचा होता शिकाऊ अधिकारी इलागनने. ती नुसतीच उभी.

"पाणी आणायला गेलेले दोघं अजून आले नाहीत."

"येतील की मागून," सार्जंट दुमलाव गुरकावला. तिच्या जन्माआधीपासून तो फौजेत होता. "भात निवतोय, पोरी. दे हुकूम."

"नाही, सार्जंट."

"तुझ्या खांद्यावर पट्टी चढणार की नाही, ते माझ्या शेऱ्यावर आहे. कळतंय ना?"

"कळतंय." तिने पाण्याच्या वाटेकडे पाहिलं. "तरी नाही."

भात निवला, अंड्यांना मुंग्या लागल्या. पोटात कावळे ओरडत होते आणि मनातल्या मनात आम्ही तिलाच शिव्या घालत होतो.

शेवटी सार्जंटने खिशातून शिट्टी काढून वाजवली. बाजूच्याच बांबूच्या बेटातून ते दोघं हसत बाहेर आले.

"दर तुकडीतल्या दोघांना असं लपवतो मी," तो म्हणाला. "आजवर कुणी थांबलं नव्हतं."

ती हसली नाही. "परीक्षा माझी होती, सार्जंट. उपाशी हे सगळे राहिले. आता आधी हे जेवतील. आपण दोघं शेवटी."

सार्जंटने भाताकडे नेलेला हात मागे घेतला. मग तो आमच्यावर डाफरला, "बघताय काय, गाढवांनो? मॅडमचा हुकूम ऐकू आला नाही?"