अर्धा फेरा

मुलाने वडिलांचे मनगट ओढून वर्कशॉपच्या बाकावरील व्हाइसच्या, म्हणजे लोखंडी पकडीच्या, उघड्या जबड्यांत कोंबले आणि दुसऱ्या हाताने दांडा फिरवला. वडिलांच्या मुठीत मशीनचा जुना पट्टा अजून तसाच होता; त्याचा वळ आईच्या गालावर उमटत होता. कोपऱ्यात कॉम्प्रेसर धडधडत होता. "थांब!" जमिनीवर पडलेली आई ओरडली. दांडा फिरत राहिला. हाड मोडले. त्यानंतर दांडा आणखी अर्धा फेरा फिरला.

त्या वर्कशॉपमध्ये एकच नियम होता. कोणीही 'थांब' म्हटले की हातातले काम त्याच क्षणी सोडायचे. का, ते नंतर विचारायचे. मुलगा शाळेत असताना वडिलांनी पान्याने त्याच्या पोटऱ्या सुजवून तो नियम त्याच्या अंगात भिनवला होता. शेजारचा वेल्डर गंमत म्हणून जेवणाच्या वेळी दारातून "थांब!" ओरडे आणि मुलाचा घास तोंडाशीच अडे. सगळे हसत. मुलगाही हसे.

आईने डॉक्टरांना सांगितले, यंत्रात हात सापडला. वेल्डरला मात्र तिने खरे सांगितले. "कॉम्प्रेसर चालू होता हो. माझा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही." वेल्डरने मान डोलावली. "पोहोचला असता तर तो थांबलाच असता, वहिनी. त्याला काय मी ओळखत नाही?"

वडिलांचा हात प्लास्टरमध्ये गेला आणि घर शांत झाले. मुलाच्या पदविकेचा निकाल लागला. तो पहिल्या वर्गात आला. वर्कशॉपच्या पाटीवर आता त्याचे नाव घालायचे, असे आईने ठरवूनही टाकले.

"मी सैन्यात जातोय," मुलगा जेवताना म्हणाला. "उद्या भरतीला निघतो."

वडील हसले. "तू? तिथं ऊठ म्हटलं की उठायचं, बस म्हटलं की बसायचं. हुकमाचं कुत्रं होशील, कुत्रं!" आणि त्यांनी डाव्या हाताने स्टीलचा तांब्या भिरकावला. मुलाची भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरण्याआधीच त्याची बोटे वडिलांच्या प्लास्टरवर आवळली गेली होती. वडील किंचाळले. मुलाने आपलाच हात दुसऱ्या हाताने धरून बाजूला ओढला आणि उठून वर्कशॉपमध्ये गेला.

आई पदराचे टोक ओले करून मागोमाग आली. भुवई पुसता पुसता म्हणाली, "जाऊ नकोस रे. तू गेलास की प्लास्टर निघायचीच खोटी, पुन्हा पट्टा हातात घेतील."

"मावशीशी बोललोय. उद्या तुला तिच्याकडे पोहोचवूनच पुढे जाणार. इथं तुला ठेवून जाईन का मी?"

"मग तूही तिथंच राहा ना. एवढं शिकलास, कुठल्याही कारखान्यात घेतील तुला. सैन्यच कशाला हवं?"

"तिथं हुकमाशिवाय हात उचलता येत नाही, आई."

तिने त्याच्याकडे पाहिले. तो चिंधीने व्हाइसचे जबडे पुसत होता. ते आधीच स्वच्छ होते.

"त्या दिवशीचं मनाला लावून घेतलंयस होय?" तिचा आवाज मऊ झाला. "वेडा आहेस. मला वाचवायलाच धावलास ना तू? आणि त्या कॉम्प्रेसरच्या धडधडीत माझं 'थांब' कुणाला ऐकू येणार होतं!"

मुलाने चिंधीची घडी केली आणि बाकावर ठेवली.

"मला ऐकू आलं होतं."